नामदार गोपाळ कृष्ण गोखले : पदवी, नोकरी आणि सेवा

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून एक प्रश्न दरवर्षीं नव्यानें उभा राहतो. मुलगा कॉलेजची पदवी घेऊन घरीं आला. आतां पुढें काय? बापानें शेताचा तुकडा गहाण ठेविलेला असतो, आईनें अंगावरचें मोडलेलें असतें, आणि घरच्या सर्वांची दृष्टि सरकारी नोकरीकडे लागलेली असते. पुष्कळ तरुण पुण्यास जातात, पेठेंत कोठें तरी खोली घेऊन लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचा अभ्यास करितात, आणि एकामागून एक वर्षें तेथेंच घालवितात. कांहींजण एखाद्या पुढाऱ्याच्या मागें फिरून राजकारणांत शिरकाव करूं पाहतात. सरकारी कामाची इच्छा धरणें यांत वावगें असें कांहीं नाहीं. योसेफ फारोच्या दरबारीं होता आणि दानीएल राजाच्या पदरीं होता, हें आमच्या शब्बाथशाळेंतील लहान मुलेंही जाणतात. परंतु नोकरी कशासाठीं मागावी आणि राजकारणांत कोणत्या तयारीनें उतरावें, याचा विचार करणारे थोडे. त्या विचारास साहाय्य व्हावें म्हणून पुण्याचे सुप्रसिद्ध नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवितों.

गोखले ख्रिस्ती नव्हते; त्यांस आपल्यापैकीं म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जेथें सत्य व परोपकार दृष्टीस पडेल तेथें त्याचा आदर करावा, हें आपणांस शिकविलें आहे.

गोपाळरावांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत कोतळूक या गांवीं झाला. घराणें ब्राह्मणाचें, पण गरिबीचें. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानांत नोकरीस होते. इ. स. १८७९ मध्यें वडील वारले, त्या वेळीं गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधु गोविंदराव हे अठरा वर्षांचे. त्यांनीं आपलें शिक्षण सोडून कागल येथें दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरिली. त्या पंधरांपैकीं आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत, आणि उरलेल्या सात रुपयांत घरचीं सर्व माणसें पोसलीं जात. वाचकांनीं हा हिशेब क्षणभर मनांत धरावा. भावाच्या शिक्षणासाठीं अर्ध्याहून अधिक पगार देणारा हा मनुष्य कोणत्याही सभेंत मिरवला नाहीं. परंतु तो नसता तर पुढचें कांहींच झालें नसतें. आमच्या मंडळ्यांतूनही असे वडील बंधु व अशा बहिणी आहेत, आणि त्यांचें ऋण शिकलेल्यांनीं विसरूं नये.

हें ऋण लहानग्या गोपाळास पुरतें ठाऊक होतें. तो हातानें स्वयंपाक करून खाई, आणि दिव्याचें तेल वांचविण्यासाठीं रस्त्यावरच्या दिव्याखालीं बसून वाची, असें सांगतात. त्याच्या शाळेंतील एक गोष्ट महाराष्ट्रांतील पुष्कळ मुलांच्या वाचनांत आलेली आहे. गुरुजींनीं घरून सोडवून आणावयास दिलेलीं उदाहरणें एकट्या गोपाळाचींच बरोबर आलीं. गुरुजींनीं त्यास शाबासकी देऊन वरच्या जागीं बसावयास सांगितलें. तेव्हां तो रडूं लागला, आणि आपण दुसऱ्याचें साहाय्य घेतलें होतें, ही जागा आपली नव्हे, असें त्यानें कबूल केलें. ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण असें कीं, मोठेपणीं याच स्वभावाची त्यांस फार मोठी किंमत द्यावी लागली. तो प्रसंग पुढें येईल.

इ. स. १८८१ मध्यें मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर गोपाळरावांनीं आतां नोकरी धरून भावाचा भार हलका करावा असें ठरविलें होतें. परंतु गोविंदरावांनीं तें मानिलें नाहीं, आणि वहिनींनीं कॉलेजच्या खर्चासाठीं आपले दागिने पुढें केले. कोल्हापूरचें राजाराम कॉलेज, पुण्याचें डेक्कन कॉलेज आणि मुंबईचें एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणीं शिक्षण होऊन इ. स. १८८४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ते बी. ए. झाले.

आतां जो प्रश्न आमच्या तरुणांपुढें आहे तोच त्यांच्यापुढें उभा राहिला. त्या काळीं पदवीधर इतके थोडे होते कीं, बी. ए. झालेल्यास सरकारी खात्यांत जागा मिळणें अवघड नव्हतें. मामलेदारी, मुनसफी अशा पायऱ्या चढत गेल्यास मान, पगार आणि म्हातारपणीं पेन्शन, हें सर्व निश्चित होतें. इंजिनियरिंग करावें कीं वकिली करावी, हेही विचार त्यांच्या मनांत येऊन गेले. अखेरीस इ. स. १८८५ च्या आरंभीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें दरमहा पस्तीस रुपयांवर ते शिक्षक झाले. सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसणाऱ्या उमेदवारांस शिकवूनही ते थोडी मिळकत करीत. इतरांस त्या दारापर्यंत पोंचविणारा हा तरुण स्वतः मात्र त्या दारांतून आंत गेला नाहीं.

त्याच सुमारास पुण्यांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली होती, आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें होतें. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी अशा मंडळींनीं लाविलेलें हें रोप होतें. सोसायटीच्या आजीव सभासदानें वीस वर्षें काम करावें आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांवर संतोष मानावा, असा तिचा नियम होता. गोपाळरावांस ही प्रतिज्ञा घ्यावीशी वाटली. परंतु घरीं गोविंदराव होते. ज्या भावानें आपलें शिक्षण टाकिलें, ज्या वहिनीनें दागिने पुढें केले, त्यांस आतां सुखाचे दिवस येण्याची वेळ होती. आणि हा पदवीधर भाऊ वीस वर्षें गरिबींत राहण्याची परवानगी मागत होता! येथें घाईनें न्याय देऊं नये. कुटुंबाचें ऋण आणि देशाचें ऋण हीं दोन्हीं खरीं आहेत, आणि एकाच्या नांवाखालीं दुसरें बुडविणें हें पुण्य नव्हे. गोपाळरावांनीं भावाची समजूत घातली, त्यांची संमति घेतली, आणि मगच १८८६ सालीं ते आजीव सभासद झाले. पुढें त्यांनीं लिहिलेलें अंकगणिताचें पुस्तक शाळांतून चालूं लागलें, आणि त्याच्या उत्पन्नानें कुटुंबासही आधार मिळाला. जो सेवेसाठीं थोड्यावर राहतो त्यानें घरच्या माणसांस विचारून राहावें, ही गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंनींही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

कॉलेजांत ते गणित शिकवीत, इंग्रजी शिकवीत, इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत. जें काम पुढें येईल तें करीत. कॉलेजच्या इमारतीसाठीं सुट्टीच्या दिवसांत गांवोगांव वर्गणी मागत फिरणें हेंही त्यांच्याच वांट्यास आलें. परंतु राजकारणाचें त्यांचें खरें शिक्षण निराळ्याच पाठशाळेंत झालें. इ. स. १८८७ च्या सुमारास त्यांचा न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याशीं परिचय झाला. रानडे हे सरकारी न्यायाधीश. दिवसभर कचेरीचें काम करून उरलेला वेळ ते लोकांच्या कामास देत. त्यांनीं या तरुणास आपला शिष्य केलें. शेतसारा, मीठ, जंगल, दुष्काळ, शाळा, लष्करी खर्च अशा विषयांवरचे सरकारी अहवाल त्यानें वाचावे, आंकडे काढावे, अर्जाचा मसुदा लिहावा; आणि गुरूनें तो तपासून, चूक दाखवून पुन्हां लिहावयास लावावा. असें हें शिक्षण इ. स. १९०१ मध्यें रानडे वारले तोंपर्यंत, म्हणजे सुमारें चौदा वर्षें चाललें. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षक आंकड्यांच्या कामांत फार निष्णात होते. त्यांच्याकडूनही गोखले शिकले. मध्यंतरीं सार्वजनिक सभेचे चिटणीस, तिच्या त्रैमासिकाचे संपादक, आगरकरांच्या 'सुधारक' पत्राच्या इंग्रजी भागाचे लेखक, अशीं कामें त्यांनीं केलीं. यांपैकीं एकही काम असें नव्हतें कीं ज्यानें मनुष्य श्रीमंत व्हावा.

या अभ्यासाचें फळ १८९७ सालीं दिसलें. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं विलायतेंत वेल्बी कमिशन बसलें होतें. त्यापुढें साक्ष देण्यास गोखले गेले, तेव्हां त्यांचें वय तीस वर्षांचें होतें. बड्या बड्या अंमलदारांच्या उलटतपासणींत त्यांनीं दिलेले आंकडे टिकले, आणि सर्वत्र त्यांची वाहवा झाली.

त्याच विलायतेच्या मुक्कामांत त्यांच्यावर मोठें संकट कोसळलें. इकडे पुण्यांत प्लेग पसरला होता. घरें तपासण्यास गोरे सोल्जर लाविले होते, आणि लोक हवालदिल झाले होते. पंडिता रमाबाई यांनींही त्या दिवसांत पुण्यांतील प्लेगच्या इस्पितळाविषयीं मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत तक्रार प्रसिद्ध केली होती. गोखल्यांस पुण्याहून विश्वासू माणसांचीं पत्रें गेलीं. सोल्जरांनीं दोन स्त्रियांची अब्रू घेतली असा त्यांत मजकूर होता. गोखल्यांनीं तो विलायतच्या वर्तमानपत्रांत व पार्लमेंटच्या सभासदांपुढें सांगितला. सरकारनें पुरावा मागितला. त्याच सुमारास ता. २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यांत प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली होती, आणि सर्व वातावरण तापून गेलें होतें. गोखले परत आले तेव्हां पत्रें लिहिणाऱ्यांपैकीं कोणीही पुढें येऊन साक्ष देण्यास धजेना.

आतां काय करावें? पत्रें लिहिणाऱ्यांचीं नांवें सरकारास सांगितलीं असतीं तर दोष त्यांच्यावर गेला असता. मौन धरिलें असतें तर लोकांनीं वीर म्हणून डोक्यावर घेतलें असतें. गोखल्यांनीं या दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. जें आपणांस सिद्ध करितां येत नाहीं तें आपण जाहीरपणें बोललों, म्हणून त्यांनीं सरकारची व सोल्जरांची बिनशर्त क्षमा मागितली, आणि मित्रांचीं नांवें पोटांत ठेविलीं. त्यामुळें पुण्यांत त्यांची छी-थू झाली. भित्रा म्हणून वर्तमानपत्रांनीं त्यांस झोडपलें. इंग्रजांनींही टोमणे मारिले. एका दिवसांत सर्व कीर्ति गेली. परंतु ते घरांत तोंड लपवून बसले नाहींत. प्लेग पुन्हां आला तेव्हां स्वयंसेवक होऊन ते पुण्याच्या गल्लीबोळांतून रोग्यांची विचारपूस करीत फिरले. लहानपणीं जो मुलगा वर्गांतली खोटी जागा सोडून उठला, तोच हा मनुष्य होता. आणि दोनच वर्षांनीं, १८९९ मध्यें, लोकांनीं त्यांस मुंबईच्या कायदे कौन्सिलांत निवडून दिलें. सत्यानें गेलेला मान सत्यानेंच परत आणिला. मात्र मधलीं दोन वर्षें त्यांनीं तो अपमान मुकाट्यानें सोसिला, हें विसरतां कामा नये.

पुढचा इतिहास आम्ही त्वरेनें सांगतों. १९०२ सालीं सुमारें अठरा वर्षांची सेवा पुरी करून ते फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले, आणि त्याच वर्षीं व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत बसूं लागले. ता. २६ मार्च १९०२ रोजीं अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें. सरकारच्या तिजोरींत शिल्लक पडली आहे म्हणून अर्थमंत्री संतुष्ट होते. दुष्काळानें लोक मरत असतां तिजोरीची शिल्लक ही भरभराटीची खूण नव्हे, ती कराच्या ओझ्याची खूण आहे, असें गोखल्यांनीं आंकड्यांनिशीं दाखवून दिलें. गरिबाच्या भाकरीबरोबर लागणारें मीठ स्वस्त व्हावें म्हणून ते वर्षानुवर्षें बोलत राहिले. मणामागें अडीच रुपये असलेला कर १९०३ मध्यें दोन रुपये, १९०५ मध्यें दीड रुपया आणि १९०७ मध्यें एक रुपया झाला. हें एकट्या गोखल्यांचें कृत्य असें आम्ही म्हणत नाहीं. पण अहवाल वाचण्यांत घालविलेल्या रात्री खेड्यांतल्या चुलीपर्यंत कशा पोंचतात, तें यावरून समजावें. पुणें म्युनिसिपालिटीचें अध्यक्षपदही त्यांनीं याच काळांत सांभाळिलें. दिल्ली-कलकत्त्याच्या कामापुढें गांवच्या गटारांचें व पाण्याचें काम त्यांस हलकें वाटलें नाहीं.

आमच्या वाचकांस विशेष वाटेल अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. एप्रिल १९०३ मध्यें धारवाड येथें सामाजिक परिषद भरली होती. तीत गोखल्यांनीं अस्पृश्य मानिलेल्या जातींविषयीं ठराव मांडिला. मनुष्यानें मांजर-कुत्र्यास शिवावें आणि मनुष्यास मात्र शिवूं नये, हें किती राक्षसी आहे, असें त्यांनीं स्वजातीयांस सुनावलें. आणखी ते म्हणाले कीं, तोच मनुष्य ख्रिस्ती होऊन अंगांत कोट व डोक्यावर टोपी घालून आला म्हणजे आम्ही त्याचा हात हातांत घेतों. मग दोष त्याच्यांत कीं आमच्यांत? स्वतः उच्च जातींत जन्मलेल्या मनुष्यानें भर सभेंत हें बोलणें त्या काळीं सोपें नव्हतें. आपणही हें ऐकून केवळ सुखावूं नये. कोट-टोपीमुळें मिळालेला मान आणि माणूस म्हणून मिळालेला मान यांत अंतर आहे. आणि आपल्या मंडळींत जुन्या जातीचे भेद कोठें उरले असतील, तर तोच प्रश्न आपणांसही लागू आहे.

ता. १२ जून १९०५ रोजीं गोखल्यांनीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर भारत सेवक समाजाची स्थापना केली. द्रविड, पटवर्धन व देवधर हे त्यांचे पहिले तीन सोबती. राजकारण हें फुरसतीचें काम नव्हे. त्यासाठीं जन्म वाहिलेलीं माणसें पाहिजेत, आणि तीं आधीं शिकून तयार झालेलीं पाहिजेत, असें त्यांचें मत होतें. म्हणून समाजांत येणाऱ्यास सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत, आणि पांच वर्षें उमेदवारी करावी लागे. स्वतःसाठीं पैसा मिळविण्यांत शक्ति खर्चूं नये, सर्वांस जातिधर्मभेद न मानितां बंधु समजावें, कोणाशीं वैयक्तिक भांडण करूं नये, अशा त्या प्रतिज्ञा होत्या. सार्वजनिक जीवनास धर्माची पवित्रता आली पाहिजे, हा समाजाचा पाया. इ. स. १९१५ च्या जानेवारींत गांधीजी आफ्रिकेहून परत आले, तेव्हां त्यांसही गोखल्यांनीं हेंच सांगितलें: एक वर्षभर देश फिरून पाहा, कान उघडे ठेवा, आणि तोंड मिटून राहा.

गोखल्यांनीं हातीं घेतलेलें सर्वांत मोठें काम मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत हरलें. प्रत्येक मुलास प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, असें बिल त्यांनीं मार्च १९११ मध्यें कौन्सिलांत आणिलें. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेंत घालण्याची सक्ति करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस असावा, आणि दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या आईबापांस फी माफ असावी, एवढीच त्यांत मागणी होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं आपल्या राज्यांत हें करूनही दाखविलें होतें. तरी ता. १९ मार्च १९१२ रोजीं तेरा मतांविरुद्ध अडतीस मतांनीं बिल नामंजूर झालें. आपण हरणार हें गोखल्यांस आधींच ठाऊक होतें. आपल्या पिढीनें पराभव पावूनच देशाची सेवा करावयाची आहे, यशाचा मान पुढच्यांचा, अशी त्यांची समजूत होती, आणि तींत कडवटपणा नव्हता. पुढें १९१८ मध्यें मुंबई इलाख्यांत सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क देशांत कायद्यानें अमलांत आला. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, ही गोष्ट शुभवर्तमानाच्या सेवकांस नवी नाहीं.

अखेरच्या वर्षांत सरकारी नोकऱ्यांचा प्रश्नच त्यांच्या हातीं आला. १९१२ सालीं लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालीं सार्वजनिक नोकऱ्यांविषयीं राजकीय कमिशन नेमण्यांत आलें, आणि गोखले त्याचे सभासद झाले. वरच्या जागांची परीक्षा विलायतेबरोबर हिंदुस्थानांतही व्हावी, म्हणजे गरिबाच्या मुलासही तेथें पोंचतां येईल, हें त्यांचें म्हणणें. प्रकृति खालावली असतां, वैद्यांनीं विश्रांति घेण्यास सांगितलें असतां, ते त्या कामास चिकटून राहिले. १९१४ मध्यें बादशहांनीं देऊं केलेली 'सर' ही पदवी त्यांनीं विनयानें नाकारिली. कमिशनचें काम संपण्यापूर्वीं, ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं पुण्यास त्यांचा अंत झाला. जन्मभर ज्यांच्याशीं मतभेद राहिला ते लोकमान्य टिळक स्मशानांत उभे राहिले, आणि या मनुष्याचा कित्ता गिरवा असें त्यांनीं लोकांस सांगितलें. हिंदुस्थानांत ती परीक्षा १९२२ पासून होऊं लागली. आज आमचे तरुण ज्या परीक्षांस बसतात, त्यांच्या वाटेवरचे काटे काढणाऱ्यांत हा स्वतः सरकारी नोकरी न केलेला मनुष्य होता.

या चरित्रापासून आमच्या तरुणांनीं व त्यांच्या आईबापांनीं कोणता बोध घ्यावा?

पहिला असा कीं, सरकारी नोकरी वाईट नाहीं आणि तीच एक मोक्षाची वाटही नाहीं. रानडे यांनीं सरकारी नोकरींत राहून लोकसेवा केली, गोखल्यांनीं बाहेर राहून केली. जागा कोणतीही असो, दानीएलाच्या शत्रूंस त्याच्या कारभारांत जसा दोष सांपडला नाहीं, तसा आपला कारभार असावा. तलाठ्याच्या कचेरींत बसलेला आपला मुलगा दाखल्यासाठीं लांच मागूं लागला, तर त्याचें बी. ए. होणें मंडळीस भूषण नव्हे.

दुसरा असा कीं, राजकारण हें शिकण्याचें काम आहे. ज्यास आमदार व्हावयाचें आहे त्यानें आधीं आपल्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचावा. १९९३ पासून ग्रामसभेस घटनेचाच आधार आहे. तेथें जाऊन किती बंधुभगिनी हिशेब विचारतात? उपदेशकांनीं पदवीधर तरुणांस हें काम लावून द्यावें. गांवांतील किती मुलें शाळेबाहेर आहेत, किती विधवांचे अर्ज पडून आहेत, याची यादी करण्यास कोणतीही परीक्षा पास व्हावी लागत नाहीं.

तिसरा असा कीं, परीक्षेंत अपयश आलें म्हणजे जन्म फुकट गेला असें नाहीं. जागा थोड्या आणि उमेदवार लाखों. पुष्कळांस ती जागा मिळणारच नाहीं. ठराविक वर्षें मनापासून प्रयत्न करावा, आणि मग जें काम समोर येईल तें मान वर ठेवून करावें. पस्तीस रुपयांचा शिक्षक म्हणून गोखल्यांनीं आरंभ केला, आणि त्या कामास त्यांनीं कधीं कमी लेखिलें नाहीं. आईबापांनींही, रिकाम्या हातानें परत आलेल्या मुलास दारांत टोचून बोलूं नये. तो आधींच पुष्कळ सोसून आलेला असतो.

चौथा आणि शेवटचा असा कीं, प्रत्येक शिकलेल्या मनुष्याच्या मागें कोणी तरी एक गोविंदराव उभा असतो. ज्याच्या पंधरांतले आठ रुपये आपल्या पदवींत गेले आहेत, त्यास वंदन करून मग पुढें पाऊल टाकावें. आणि आपल्याही मिळकतींतले आठ रुपये आपल्यामागून येणाऱ्या एखाद्या मुलासाठीं, विशेषेंकरून मुलीसाठीं, काढून ठेवावे. थोड्यांत विश्वासू राहणाऱ्यास प्रभु पुष्कळावर नेमतो, यावर आपला विश्वास आहे. तो विश्वास आमच्या पदवीधरांच्या वर्तनांत दिसून येवो.